मस्कतहून ३६ फुटी जुनी शिडाची बोट गोव्याला आणायची आहे, कमी खर्चात कशी आणावी?

दुसरं_गेट
नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ मस्कतला नोकरीला आहे. त्याच्या ओळखीचे एक युरोपियन गृहस्थ नोकरी संपवून मायदेशी चाललेत आणि जाण्याआधी त्यांना आपली बोट काढून टाकायची आहे. फायबरची शिडाची बोट, १९८६ सालची. लांबी ३६ फूट, रुंदी साडेतीन मीटर, पाण्याखाली १.८ मीटर जाते, वजन साडेसहा टन. आत डिझेल इंजिन आहे, चार माणसं झोपतील एवढी जागा आहे. मागतायत ३,५०० ओमानी रियाल. म्हणजे आपले आठ लाखांच्या आसपास.

आम्ही तिघे मित्र आहोत, दोघं बेळगावचे आणि एक चंदगडचा. गोव्यात लहान शिडाच्या होड्या चालवायला शिकलोय. तिघांचं मिळून सगळं धरून वीस लाखांचं बजेट आहे. बोट जहाजावर चढवून मुरगावला उतरवायची, पावसाळ्यात ट्रेलरवर घालून बेळगावला आणायची, उद्यमबागेत (इथली औद्योगिक वसाहत) डागडुजी करायची, आणि जमलं तर पुढेमागे हिडकल धरणाच्या पाण्यात टाकायची असा विचार आहे. जहाजाचं भाडं किती पडेल, कुणाकडे चौकशी करावी? अनुभवी लोकांनी सांगा की.

खाऊन_पिऊन_सुखी
बेळगावात समुद्र आणा आधी, बोट आपोआप येईल. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

काळी_नदी
मी कारवारचा, सदाशिवगडच्या बाजूचा. बोट आणायचं नंतर बघू, ती ठेवणार कुठे ते आधी सांगा. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत नांगरावर साडेसहा टनाची बोट उघड्यावर सोडून बेळगावात झोप लागणार नाही तुम्हाला. कारवारात नौदलाचा तळ असल्यामुळे कुठेही नांगर टाकून चालत नाही. गोव्यात नदीत आत जागा मिळते, पण मग पूल लागतात. डोलकाठीचं माप दिलेलं नाही तुम्ही.

मस्कतवाली
मी निपाणीची, मस्कतला मालवाहतुकीच्या क्षेत्रात काम करते. पहिली गोष्ट, मस्कतहून मालवाहू जहाज मिळणार नाही. इथलं जुनं सुलतान काबूस बंदर २०१४ पासून पर्यटनाच्या जहाजांसाठी ठेवलंय, व्यापारी मालाचं काम सगळं सोहारला गेलं. म्हणजे मरीनात (खाजगी बोटी ठेवायच्या धक्क्यावर) बोट क्रेनने बाहेर काढा, डोलकाठी उतरवा, ट्रेलरवर घाला, दोनशेहून जास्त किलोमीटर सोहारला न्या, तिथे पुन्हा क्रेन. समुद्र अजून दिसलाही नाही आणि दोन क्रेन, एक ट्रेलर झाला.

दुसरी गोष्ट, कंटेनरमध्ये ती जाणार नाही. चाळीस फुटी कंटेनर आतून १२ मीटर लांब असतो, पण रुंदी फक्त २.३५ मीटर. तुमची बोट साडेतीन मीटर. मग उरतो फ्लॅट रॅक, म्हणजे छप्पर आणि बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर. लांबीला बोट त्यावर बसेल, पण दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर बाहेर येईल आणि उंचीलाही वर जाईल. बाहेर आलेल्या भागामुळे शेजारच्या आणि वरच्या कंटेनरच्या जागा वाया जातात, त्या जागांचं भाडं तुमच्याकडूनच घेतात. म्हणून ‘चाळीस फुटी कंटेनरला अमुक पडतं’ असं कुणी सांगितलं तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

आणि फ्लॅट रॅक मुरगावला थेट मिळणं कठीण. न्हावा शेवा किंवा मुंद्रा बंदर धरून चाला.

दुसरं_गेट
बाप रे. रोरो म्हणतात ती जहाजं? गाड्या चढवतात तशी बोट चाकांवर आत ढकलायची.

मस्कतवाली
ती सोय चांगली आहे, क्रेनचा घोळ कमी होतो. पण बोट पाळण्यात (ज्यावर बोट बसवतात त्या लोखंडी चौकटीत) बसवून त्यांच्या बुटक्या चाकांच्या ट्रेलरवर घालावी लागते आणि मग उंचीची मर्यादा आडवी येते. खोल कील (बोटीच्या तळाखाली उतरलेला जड भाग) असलेली शिडाची बोट उभी ठेवली की आतल्या डेकला टेकते. मोटरबोट असती तर मीच तुम्हाला रोरो सुचवलं असतं. शिवाय ही जहाजं मुंबईला येतात, तिथून पुढचं पुन्हा आहेच.

एक प्रकार असा असतो की जहाजच पाण्यात खाली बसतं, बोटी आपल्या आपण पोहत आत येतात आणि मग जहाज वर उचललं जातं. फार सुंदर दृश्य असतं. पण ते श्रीमंतांच्या मोठ्या यॉटसाठी, ठरावीक मार्गांवर. आपल्यासाठी नाही.

निवृत्त_चीफ
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं. मूळ वेंगुर्ल्याचा, आता शहापूरला स्थायिक. मला या चर्चेत एक गंमत वाटते. बोट समुद्रावर चालण्यासाठीच बांधलेली आहे आणि आपण तिला समुद्रावरून उचलून न्यायला पैसे मोजतोय.

मस्कत ते मुरगाव साधारण हजार सागरी मैल. तुमची बोट पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, चालली तर दिवसाला १२० मैल. आठ-नऊ दिवसांचा प्रवास, अडलं-नडलं धरून दोन आठवड्यांचं अन्नपाणी. डिसेंबर ते मार्च हा काळ धरा. ओमानच्या बाजूला वारा उत्तरेकडून किंवा वायव्येकडून, तुम्हाला जायचं आहे आग्नेयेला, म्हणजे वारा बाजूने आणि मागून. शिडाच्या बोटीला याहून काय हवं? मधल्या टप्प्यात वारा पडतो, तेव्हा इंजिन लागतं. आपल्या किनाऱ्याजवळ दुपारी समुद्रावरून वारा, पहाटे जमिनीवरून.

मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघायचं नाव काढू नका. २००७ च्या जूनमध्ये गोनू आणि २०१० च्या जूनमध्ये फेट ही वादळं ओमानवर गेली. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते तर आपल्या कारवार-गोवा किनाऱ्याला घासून गेलेलं सगळ्यांना आठवत असेल.

मात्र तुम्ही तिघांनी स्वतः आणायचं नाही. लहान होड्यांवर शिकणं वेगळं, रात्री दोन वाजता जहाजांच्या वाटेत एकट्याने पहारा देणं वेगळं. पगारी कप्तान घ्या, त्याचा एक जोडीदार घ्या, तुमच्यातला एक जण शिकाऊ म्हणून जाऊ द्या. कप्तानाची रोजची फी, विमानाचं तिकीट, डिझेल, जेवण. फ्लॅट रॅकच्या हिशोबाशी ताडून बघा.

निपाणी_एक्सप्रेस
काका, सोमाली चाच्यांचं काय? मध्ये एक अमेरिकन बोट पकडली होती ना.

निवृत्त_चीफ
होय. फेब्रुवारी २०११, ‘क्वेस्ट’ नावाची शिडाची बोट, ओमानपलीकडच्या अरबी समुद्रात. चौघेही मारले गेले. त्या काळात थायलंड-मालदीवकडच्या कितीतरी हौशी लोकांनी आपल्या बोटी मालवाहू जहाजांवर चढवून भूमध्य समुद्रात पाठवल्या. हौस म्हणून नव्हे, जिवाच्या भीतीने. पुढे परिस्थिती निवळली आणि हिंदी महासागरातलं अतिधोक्याचं क्षेत्र १ जानेवारी २०२३ पासून जहाजउद्योगाने मागे घेतलं. मस्कत-गोवा मार्ग सोमालियापासून लांबच आहे. तरी निघण्याच्या आठवड्यात ताज्या सूचना वाचायच्याच, त्यात आळस नको. आखातातलं राजकारण कधी कुठे वळेल याचा नेम नाही.

मला या प्रवासात खरी भीती वाटते ती शेवटच्या पन्नास मैलांची. आपल्या किनाऱ्यालगत रात्री मासेमारीच्या जाळ्यांना धड दिवा नसतो. पंख्यात जाळं अडकलं की बोट पांगळी, आणि वर जाळ्याच्या मालकाशी भांडण. किनारा दिवसाउजेडी गाठायचा असं कप्तानाला बजावून ठेवा.

काळी_नदी
जाळ्याचं बरोबर बोललात चीफसाहेब. पण आमच्या बाजूनेही ऐका. जाळं लाखांचं असतं आणि तुमच्या शौकाच्या बोटीने ते कापलं तर भांडण व्हायचंच की.

वास्कोतला_सीएचए
सगळे भाड्यावर बोलतायत. कस्टमवर कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. मी सीएचए, म्हणजे लोकांच्या मालाचं कस्टमचं काम करून देणारा एजंट, माझं रोजचं काम हेच.

यॉट आणि शौकाच्या बोटी कस्टमच्या ८९०३ या शीर्षकाखाली येतात. २०१३ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं मूळ शुल्क १० वरून २५ टक्के केलं. २०२५ मध्ये त्याची मांडणी बदलली, मूळ शुल्क २० आणि वर साडेसात टक्के कृषी अधिभार, म्हणजे बेरीज साडेसत्तावीस. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. तो आधी २८ टक्के होता आणि ३ टक्के उपकर. २२ सप्टेंबर २०२५ पासून शौकाच्या बोटी ४० टक्क्यांत गेल्या.

आता नीट वाचा. हा कर बोटीच्या किमतीवर नाही. बोट, अधिक भाडं, अधिक विमा, या तिन्हींच्या बेरजेवर आहे. म्हणजे जहाजाला जो रुपया द्याल त्या रुपयावरही कर.

समजा बोट ८ लाख आणि सोहारपासून इथवरचं भाडं-विमा ६ लाख (हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय). बेरीज १४. त्यावर साडेसत्तावीस टक्के ३.८५ लाख. झाले १७.८५. त्यावर ४० टक्के म्हणजे ७.१४ लाख. एकूण कर ११ लाखांच्या जवळ. तुमचे वीस लाख मुरगावच्या धक्क्यावर पोचायच्या आत संपून वर पाच लाख कमी पडले.

बोट स्वतःच्या शिडावर आली तरी कर सुटत नाही, हे आधीच सांगतो, कारण पुष्कळांचा तसा समज असतो. इथे ठेवायची असेल तर तीही आयातच, बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) भरावंच लागतं. फक्त आणण्याचा खर्च कमी झाला की कराचा पायाही कमी होतो. भाड्याचा आकडा ठरवताच आला नाही तर नियमाप्रमाणे मालाच्या किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरतात. ८ लाखांच्या बोटीवर ते धरलं तर पाया ९.६९ लाख आणि कर साधारण ७ लाख ६० हजार. दर बदलत राहतात, करार करायच्या दिवशी पुन्हा तपासून घ्या.

दुसरं_गेट
म्हणजे आठ लाखांच्या बोटीवर बोटीएवढाच कर? साहेब, पावतीवर किंमत थोडी कमी लिहून...

वास्कोतला_सीएचए
हे इथे लिहू नका आणि करूही नका. जुन्या मालाला चार्टर्ड इंजिनिअरचा मूल्यांकनाचा दाखला मागतात. तुमची पावती अधिकाऱ्याला पटली नाही तर तो दाखल्यावरून किंमत धरतो. उलट स्वस्त का मिळाली याचे पुरावे गोळा करा. जाहिरात, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, सर्व्हेअरचा (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल, त्यात बोटीचे दोष फोटोंसकट.

आणि याहून मोठा दगड पुढे आहे. वापरलेला माल दोन प्रकारचा, भांडवली आणि इतर. भांडवली माल, म्हणजे धंद्यासाठी लागणारी साधनं, जुना असला तरी मोकळेपणी आणता येतो. इतर जुना माल परकीय व्यापार धोरणात ‘निर्बंधित’ आहे, त्याला डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. तिघा मित्रांची हौसेची बोट कुठल्या प्रकारात मोडेल हे मी तुम्हाला सांगायला नको. परवान्याचा अर्ज आधी, बयाणा नंतर. बोट धक्क्यावर आणि परवाना नाही अशा अवस्थेत बंदराचं भाडं दिवसागणिक चढतं आणि दंडाची टांगती तलवार वेगळी.

खाऊन_पिऊन_सुखी
मग पर्यटनाचा धंदा दाखवायचा. ‘दुसरं गेट सागरी सहली’.

वास्कोतला_सीएचए
दाखवायचा नाही, खरोखर करायचा असेल तर मार्ग आहे. पण मग व्यावसायिक नोंदणी, प्रवासी सुरक्षेची तपासणी, परवानाधारक सारंग (बोट चालवणारा), जीएसटीची विवरणपत्रं. दर रविवारी तिघांनीच फिरायचं असेल तर तो धंदा नव्हे.

अनमोडवाला
ट्रेलर लाईनमध्ये आहे, खानापूर-लोंढा-फोंडा रोजचा रस्ता. बोट वर आणायचं काढलंय म्हणून बोलतो.

१.८ मीटर कील, वर बोटीचं अंग आणि केबिन मिळून जमिनीपासून साडेतीन मीटर धरा. लो-बेडची (बुटक्या ट्रेलरची) पाटी जवळपास मीटरभर. झाले साडेचार. रस्त्यावर मालासकट उंचीची मर्यादा साधारण चार मीटर, रुंदीची २.६. तुमचा माल दोन्हीत बाहेर, म्हणजे ओडीसी, मापाबाहेरचा माल. परवानगी ऑनलाइन काढावी लागते, गोवा आणि कर्नाटक अशी दोन राज्यं लागतात. पुढे-मागे गाडी, लाल झेंडे, रात्री चालायचं नाही.

चोर्ला घाट विसरा. कणकुंबी-जांबोटीच्या वळणांवर साडेतीन मीटर रुंद माल घेऊन समोरून बस आली तर दोघांनी तिथेच स्वयंपाक मांडायचा. आंबोलीत तेच. राहिला अनमोड. चढ आहे, पण वळणं लांब गाडीला घेता येतात. तरी पावसाळ्यात दरड-खचणं सुरू झालं की अवजड वाहनांना बंदी येते, आणि तुम्ही नेमका पावसाळाच म्हणताय! आणायची तर एप्रिलमध्ये. फोंड्यापासून वर गावागावांत आडव्या गेलेल्या विजेच्या तारा मोजायला एक माणूस आधी मोटारसायकलवर पाठवायचा, हातात मापाची काठी घेऊन.

न्हावा शेवाहून आणली तर हायवेने पुणे-कोल्हापूर-निपाणी, रस्ता रुंद. पण अंतर पाचशेच्या घरात आणि भाडं त्या मानाने.

उद्यमबाग_फॅब
एक मिनिट. बोट वर आणायचीच कशाला? काम इकडे आणा. इंजिन सुटून येतं, सुकाणूचा दांडा सुटून येतो, विंच (दोर ओढायच्या चरख्या) सुटून येतात. पिकअपमध्ये मावतं. हायड्रॉलिक असो, लेथचं काम असो, ओतीव असो, आपल्या उद्यमबागेत आणि मच्छेत काय होत नाही? कीलचे बोल्ट ३१६ स्टेनलेसचे करून देऊ, फक्त जुना एक नमुना काढून आणा आणि आटे नीट मोजा. फायबरचं काम मात्र गोव्यातच. दिवाडी बेटावरच्या यार्डात नौदलाची ‘म्हादेई’ बांधली, तीच बोट घेऊन २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एवढं काम जमणारे हात तिथे आहेत.

पाळण्याचं काम मी करेन. बोटीचं नकाशाचित्र मिळवा, अंदाजे मापावर करून घेऊ नका. पूर्ण वजन खाली कीलवर टेकलं पाहिजे. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला. टेकूंवर वजन गेलं की फायबर आत दबतं.

खानापुरी
अवांतर: म्हादई नदी उगम पावते आमच्या खानापूर तालुक्यात. बेळगाव जिल्ह्याचं नाव पृथ्वीभर फिरून आलं, आणि लोक विचारतात बेळगावचा आणि समुद्राचा काय संबंध!

दुसरं_गेट
@उद्यमबाग_फॅब, हे डोक्यातच आलं नव्हतं. इंजिन वर आणायचं, बोट खाली ठेवायची. हिडकलचं स्वप्न मग सोडून द्यावं का?

घटप्रभा_काठ
सोडा. मी हुक्केरीचा. उन्हाळ्यात हिडकलचं पाणी इतकं उतरतं की बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं. लोक चालत दर्शनाला जातात. तिथे १.८ मीटर कीलची बोट म्हणजे विठोबाच्या कळसाला धडक. शिवाय धरणाच्या पाण्यात बोट टाकायला पाटबंधारे खात्याची परवानगी आणि अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली नोंदणी, दोन्ही लागेल. हिडकलसाठी सपाट तळाची लहान होडी घ्या, दोन माणसं उचलतील अशी.

निपाणी_एक्सप्रेस
एक वेगळा पर्याय. गुजरातची लाकडी वहाणं अजून दुबई, शारजा, सलालाला जातात-येतात. मांडवी, सलायाकडची. एखाद्या वहाणाच्या डेकवर बोट टाकून आणली तर? भाडं नक्की कमी.

निवृत्त_चीफ
भाडं कमी असेल. पण साडेसहा टनाचा, उंच, गोल पोटाचा एकच नग डेकवर चढवला की वहाणाचा तोल बदलतो. जून ते ऑगस्ट ती बंदच असतात. आणि मालाचा विमा देताना कंपनी पहिला प्रश्न जहाजाबद्दल विचारते.

विम्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुन्या बोटीला मालवाहतुकीचा पूर्ण, म्हणजे ‘ए’ कलमांचा विमा सहसा मिळत नाही. ‘सी’ मिळतो. त्यात जहाज बुडालं, जळलं, आपटलं तर भरपाई. उतरवताना क्रेनचा पट्टा सरकून अंगाला भोक पडलं तर कलम वाचत बसा. आणि ‘जनरल अॅव्हरेज’ नावाची एक जुनी प्रथा आहे. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला तर त्यावरच्या सगळ्या मालवाल्यांनी तो वाटून घ्यायचा, तुमच्या मालाला ओरखडाही आला नसला तरी. २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या मालकांनी हेच जाहीर केलं होतं. विमा नसलेल्या मालवाल्याला आधी अनामत भरावी लागते, मग माल. म्हणून ‘सी’ तर ‘सी’, पण विमा घ्याच.

मस्कतवाली
जहाजावर चढवायचंच ठरलं तर: डिझेल आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या, बॅटरीच्या तारा सुटलेल्या, गॅस सिलिंडर बाहेर. संकटकाळी उडवायचे बाण (फ्लेअर) बोटीत विसरले तर ते स्फोटक म्हणून धरतात आणि सगळा माल अडतो. आतली प्रत्येक वस्तू यादीत लिहा. बांधणीचे पट्टे कठड्याला किंवा विंचला नाही बांधायचे, पाळण्यालाच. आणि चढवतानाचे फोटो, सगळ्या बाजूंनी, तारीख दिसेल असे.

इकडचे कागद: विक्रीपत्र, जुन्या नोंदणीतून नाव काढल्याचा दाखला, मरीनाची थकबाकी नसल्याचं पत्र. यातला मधला कागद सगळ्यात हट्टी. मालक देश सोडून गेला की तो मिळवायला वर्ष जातं. त्याच्या विमानाच्या आधी हातात घ्या. गरज पडली तर तुमच्या मामेभावाने मला इथे निरोप पाठवावा, कोणत्या कार्यालयात जायचं ते सांगेन.

काळी_नदी
माझं मत रोखठोक. कर भरून झालेली बोट इथेच घ्या. गोवा, मुंबई, कोची, तिन्हीकडे जुन्या शिडाच्या बोटी विकायला निघतात. किंमत मस्कतपेक्षा जास्त दिसेल, पण ती पाण्यात उभी असते, कागद इथले असतात, आणि पसंत पडली नाही तर बसने घरी येता येतं.

दुसरं_गेट
तिघांनी काल बसून सगळे प्रतिसाद वाचले. फ्लॅट रॅक आणि रोरो दोन्ही रद्द. ट्रेलरने वर आणणं रद्द. हिडकल रद्द (चंदगडचा मित्र नाराज आहे). आता दोनच गोष्टी शिल्लक: कप्तान घेऊन समुद्रमार्गे आणणं, किंवा गोव्यात शोधणं. डीजीएफटीच्या परवान्याची चौकशी सुरू करतोय, त्याचं उत्तर येईपर्यंत मालकाला बयाणा नाही. फक्त सर्व्हे करून घ्यावा का, यावर आमच्यात वाद आहे. त्याची फी वाया जाईल असं एकाचं म्हणणं.

निवृत्त_चीफ
परवाना मिळेल असं दिसलं की लगेच करा, आधी नको. पण केल्याशिवाय एक रियालही देऊ नका. चाळीस वर्षांची फायबरची बोट, कोमट पाण्यात उभी. तळाला फोड आलेत का, ओलावा किती शिरलाय, हे बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय कळत नाही. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा शेवटच्या कधी बदलल्या ते विचारा. दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर हजार मैलांवर निघण्याआधी त्या बदलायच्याच, आणि कप्तान शहाणा असेल तर तोच तशी अट घालेल. शिडांची शिवण ओमानच्या उन्हात कुजते. कापड धड दिसतं, नखाने ओढलं की दोरा तुटतो. सर्व्हेअर मालकाने सुचवलेला नको, स्वतःचा शोधा.

आणि अहवाल वाईट आला तर ती फी वाया गेली असं म्हणू नका, सीएचए साहेबांना तोच कागद किमतीच्या पुराव्याला लागेल.

वास्कोतला_सीएचए
अगदी. दोष लिहिलेला सर्व्हे रिपोर्ट मला कधीही द्या. आणि समुद्रमार्गे आणलीत तर पहिला मुक्काम मुरगाव, जिथे कस्टम आणि इमिग्रेशन आहे तिथेच. वाटेत देवगडला मासे खायला थांबायचं नाही!

खाऊन_पिऊन_सुखी
मग काय अर्थ राहिला प्रवासाला.

उद्यमबाग_फॅब
सर्व्हे झाला की कीलच्या बोल्टचे फोटो इथे टाका, नटाच्या बाजूने. गंज किती आहे त्यावरून बोलतो.

काळी_नदी
आणि डोलकाठीची उंची, पाण्यापासून टोकापर्यंत. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका. ती कळल्याशिवाय कुठल्या पुलाच्या आत जागा बघायची ते मी सांगू शकत नाही.

दुसरं_गेट
मामेभावाला मरीनात पाठवलंय. साडेपंधरा मीटर सांगतोय, पण वरची अँटेना धरून की सोडून ते त्याला माहीत नाही. संध्याकाळी पुन्हा विचारून टाकतो.